त्सुरुगा : आल्यागेल्यांचें बंदर

जपानच्या नकाशांत त्सुरुगा शोधावयाचें तर टोकियोकडील किनारा सोडून पलीकडे, जपानी समुद्राच्या बाजूस पाहावें लागतें. वाकासा उपसागराच्या एका कोपऱ्यांत, डोंगरांच्या कुशींत हें साठ-पासष्ट हजार वस्तीचें शहर आहे. पाठीमागची डोंगररांग ओलांडली कीं बिवा सरोवर लागतें, आणि सरोवराच्या पलीकडे जुनी राजधानी क्योतो. शहराचें सारें नशीब या भूगोलानें ठरविलें. कपाळावर शिंग असलेला एक कोरियन पाहुणा येथें गलबतांतून उतरला व शिंगाच्या जपानी शब्दावरून गांवास नांव पडलें, अशी प्राचीन दंतकथा आहे.

माणसांप्रमाणें मालही येथेंच उतरे. होक्काइदो बेटावरून कोंबू नांवाचें समुद्रशैवाल येई आणि तट्टांवरून डोंगर, होड्यांतून सरोवर ओलांडून क्योतोस जाई. मासळी वर्ज्य असलेल्या तेथील बौद्ध मठांत सारास चव येते ती याच शैवालानें. सुरीनें कोंबू कागदाहूनही पातळ तासण्याचें हस्तकौशल्य त्सुरुगानें अद्याप सांभाळलें आहे.

परंतु याच बंदरांत एक भयंकर प्रकार घडला. परकीयांस देशांतून हाकलून द्या, असा आग्रह धरणारे मितो संस्थानचे कांहीं शेंकडे बंडखोर १८६४ च्या अखेरीस क्योतोकडे निघाले असतां बर्फांत अडकून शरण आले. त्यांना हेरिंग मासळीच्या वखारींत कोंडण्यांत आलें आणि १८६५ च्या आरंभीं त्यांपैकीं ३५३ जणांचा शिरच्छेद झाला. शिक्षा शोगुनच्या सरकारची. भूमि मात्र त्सुरुगाची.

ज्या परकीयांसाठीं हा रक्तपात झाला, त्यांचीच वाट पुढें त्सुरुगावरून पडली. १९१२ पासून टोकियोहून थेट या बंदरापर्यंत आगगाडी येऊं लागली. तेथून आगबोटीनें व्लादिव्होस्तोक, आणि मग सैबेरियन रेल्वेनें थेट युरोप!

त्याच वाटेनें उलट दिशेस दुःखही आलें. रशियांतील क्रांतीच्या धामधुमींत सैबेरियांत अनाथ झालेलीं साडेसातशेंहून अधिक पोलिश मुलें जपानी रेडक्रॉसनें १९२० ते १९२२ च्या दरम्यान आणविलीं, तीं येथेंच उतरलीं. गांवकऱ्यांनीं त्यांना खाऊ व खेळणीं दिलीं. (कोल्हापूरजवळ वळिवडें येथें १९४३ ते १९४८ पर्यंत हजारों पोलिश निर्वासित राहिले होते, त्यांच्या आठवणी ऐकलेल्या वाचकांस हें चित्र परकें वाटणार नाहीं.)

पुढें १९४० मध्यें लिथुआनियांतील जपानी वकील चिउने सुगिहारा यांनीं सरकारी हुकूम बाजूस सारून यहुदी निर्वासितांस दोन हजारांवर परवाने लिहून दिले. ते लोक सैबेरिया ओलांडून त्सुरुगास पोंचले. त्याच वर्षीं जपाननें जर्मनीशीं तह केला होता, शिवाय चीनमध्यें जपानी सैन्याचें युद्ध चाललेंच होतें. म्हणून जपान सरकारच्या औदार्याच्या गोष्टी येथें सांगणें योग्य नव्हे. पण गांवांतील वृद्धांच्या ज्या आठवणी पुढें गोळा झाल्या त्या निराळ्या आहेत. एका मुलानें सफरचंदांची टोपली आणून निर्वासितांत वाटली. एका सार्वजनिक स्नानगृहाच्या मालकानें नेहमींचीं गिऱ्हाइकें बंद ठेवून त्यांना फुकट स्नान घालूं दिलें. स्टेशनाजवळच्या घड्याळजीनें त्यांचीं घड्याळें विकत घेतलीं. कित्येक दिवसांच्या आगगाडीच्या प्रवासानंतर मिळालेल्या ऊन पाण्याची किंमत कोणत्या इतिहासग्रंथांत मांडावयाची? बहुतेक निर्वासित लागलीच कोबेस निघून गेले.

१२ जुलै १९४५ च्या रात्रीं अमेरिकन विमानांनीं शहर जाळलें. केही देवस्थानाचें १६४५ मध्यें उभारलेलें भव्य लांकडी महाद्वार तेवढें वांचलें. १९७० मध्यें येथें अणुवीजकेंद्र सुरू झालें. गांवाला त्यांतून पैसा मिळाला, आणि १९९५ मध्यें मोंजू अणुभट्टींत सोडियमची गळती झाल्यावर धास्तीही.

बंदरावर आतां या निर्वासितांच्या स्मरणार्थ संग्रहालय आहे. १६ मार्च २०२४ पासून टोकियोची वेगवान शिंकान्सेन गाडीही त्सुरुगापर्यंत आली. तिचा मार्ग सध्यां येथेंच संपतो. क्योतोकडे जाणारा प्रवासी येथें उतरतो आणि दुसऱ्या गाडीची वाट पाहतो.