मुलांच्या हातून कादंबरी का काढून घेता?

गेल्या पंधरवड्यात लातुरास मार्केट यार्डातील एका व्यापारी स्नेह्यांच्या आडतीवर काही कामानिमित्त बसण्याचा योग आला. त्यांचे चौदा वर्षांचे चिरंजीव सुटीचा दिवस म्हणून दुकानी आले होते आणि सोयाबीनच्या पोत्यांना टेकून एका पुस्तकात गढून गेले होते. वडिलांची नजर तिकडे गेली. त्यांनी पुस्तक मुलाच्या हातून काढून घेतले, मुखपृष्ठ पाहिले आणि गल्ल्याच्या खणात टाकून दिले. पुस्तक होते व्यंकटेश माडगूळकर यांचे 'बनगरवाडी'. आम्ही कारण विचारले तेव्हा आमचे स्नेही म्हणाले, "वकीलसाहेब, हे परीक्षेला येतंय का? दोन वर्षांनी ह्याला अकरावीला घालायचंय, मग डॉक्टरकीची परीक्षा. गोष्टी वाचायला सारा जन्म पडलाय."

आमचे हे स्नेही वाईट पिता नव्हेत, कंजूष तर मुळीच नव्हेत. मुलाच्या शिकवणीस ते मागेल तितका पैसा देतात. किंबहुना त्यांनी जे म्हटले तेच आज नांदेडपासून लातुरापर्यंत हजारो घरांत म्हटले जात आहे, म्हणूनच ह्या विषयावर दोन शब्द लिहिणे आम्हांस अगत्याचे वाटले. परीक्षांच्या तयारीबद्दल ह्या दोन शहरांचा लौकिक सर्व महाराष्ट्रात आहे. 'लातूर पॅटर्न' हा शब्द तर मराठी भाषेत रूढच होऊन बसला. दूरदूरच्या खेड्यांतील शेतकऱ्यांची व मजुरांची मुले येथे खोल्या घेऊन राहतात, रात्रीचा दिवस करतात आणि त्यांतील कित्येक डॉक्टर व इंजिनियर होऊन बाहेर पडतात. ज्या मराठवाड्यास मागासलेला म्हणून हिणविले गेले, त्याने हे करून दाखविले, ह्याचा आम्हांस अभिमान आहे. ह्या उद्योगास नावे ठेवण्याचा आमचा हेतू नाही. आमची तक्रार एवढीच की, परीक्षेच्या नावाखाली बारा ते सोळा ह्या वयातील मुलांच्या आयुष्यातून कथा-कादंबरी समूळ हद्दपार करण्यात येत आहे, आणि ह्या हद्दपारीचा हुकूम कोणा जुलमी सरकारचा नसून खुद्द आईबापांचा आहे.

ही गोष्ट मराठवाड्यात घडावी, ह्याचा विषाद आम्हांस अधिक वाटतो. निजामी अमदानीत सरकारी शिक्षणाची भाषा उर्दू होती. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच होते. उर्दू ही एक संपन्न भाषा आहे, तिच्याशी आमचे भांडण नाही. भांडण होते ते मायबोलीस दारातून परत पाठविणाऱ्या राज्यपद्धतीशी. सभा भरवावयाची तर 'गश्ती निशाण ५३' अन्वये आधी परवानगी मागावी लागे. अशा काळी मराठी शाळा आणि मराठी वाचनालय हीच लोकजागृतीची ठिकाणे झाली. पुढे मुक्तिसंग्रामाचे नेतृत्व करणारे स्वामी रामानंद तीर्थ हे आधी हिप्परग्याच्या व अंबाजोगाईच्या शाळांतील शिक्षक होते, हा काही केवळ योगायोग नव्हे. १७ सप्टेंबर १९४८ रोजी ते राज्य संपले. मराठी पुस्तक उघडपणे वाचण्याचा हक्क ज्या प्रांताने झगडून मिळविला, त्याच प्रांतात आज ते पुस्तक गल्ल्याच्या खणात जाऊन पडावे काय?

कथा-कादंबरीवर आईबापांचे आरोप मुख्यतः तीन असतात. एक, तिच्यात वेळ वाया जातो. दुसरा, ती खोटी असते. तिसरा, तिने मुले बिघडतात. आरोपीस आपली बाजू मांडण्याची संधी दिल्यावाचून शिक्षा ठोठावणे न्यायास धरून होत नाही, म्हणून तिचे वकीलपत्र आज आम्ही घेत आहो.

पहिला आरोप वेळेचा. तीनशे पानांचे कथासूत्र डोक्यात धरून ठेवणाऱ्या मुलास परीक्षेतील लांबलचक प्रश्न वाचताना धाप लागत नाही, असे उत्तर आम्ही देऊ शकतो, आणि ते खोटेही होणार नाही. परंतु ह्या मुद्द्यावर आम्ही भिस्त ठेवू इच्छीत नाही. कादंबरी चांगली का, तर तिने गुण वाढतात म्हणून, असे एकदा कबूल केले म्हणजे गुण हेच सर्व गोष्टींचे माप झाले, आणि मग वादच संपला! मूल जेवते ते का केवळ परीक्षेस बसता यावे म्हणून? शरीरास जसे अन्न, तसे ह्या वयातील मनास दुसऱ्या माणसांच्या आयुष्याचे दर्शन हवे असते. ते चांगल्या पुस्तकातून मिळाले नाही तर हातातील मोबाईलमधून ते मिळविले जाते. आणि तेथे जे मिळते त्याची निवड ना बाप करतो ना मास्तर.

दुसरा आरोप खोटेपणाचा. येथे आम्ही त्या खणात पडलेल्या 'बनगरवाडी'चीच साक्ष काढतो. १९५५ साली पुस्तकरूपाने आलेली ही कादंबरी फार मोठी नाही. औंध संस्थानातील धनगरांच्या एका वस्तीवर कोवळ्या वयाचा एक मास्तर शाळा चालविण्यास जातो. त्याची चेष्टा होते, मग त्याच्यावर विश्वास बसतो, गाव एकदिलाने तालीम बांधते, आणि शेवटी दुष्काळ पडून सारी वस्ती उठून जाते. २०१६ साली ज्या लातुरास मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले, त्या शहरातील मुलास हे खोटे वाटेल काय? पाऊस किती मिलिमीटर पडला हे भूगोलाचे पुस्तक त्यास सांगेल. पण ओस पडलेल्या गावात शाळामास्तर एकटाच उरला म्हणजे काय वाटते, हे त्यास माडगूळकरांवाचून कोण सांगणार?

आमच्या व्यापारी वाचकांस आणखी एक विनंती आहे. मराठवाड्याचेच कथाकार भास्कर चंदनशिव यांची 'लाल चिखल' नावाची कथा त्यांनी आपल्या मुलासह एकदा वाचावी. कष्टाने पिकविलेली टमाटी बाजारात मातीमोल झाली म्हणजे शेतकरी बापाच्या हातून काय घडते आणि ते पाहणाऱ्या मुलाच्या काळजास कसा चरा पडतो, हे तीत आहे. काट्याच्या अलीकडे बसणाऱ्याने पलीकडे उभ्या असलेल्या माणसाचे मन एकदा तरी आतून पाहिले पाहिजे. उद्या गादीवर बसणारा मुलगा ही कथा वाचून बसला तर पेढीचे नुकसान होणार नाही. झालाच तर पेढीच्या पतीस लाभच होईल. कोर्टात साक्षीदार आपण पाहिले तेवढेच सांगतो. कथाकार आपणांस त्या जागी नेऊन उभे करतो. ह्यास खोटेपणा म्हणावयाचे असेल तर तो सत्याचाच एक प्रकार म्हणावा लागेल.

तिसरा आरोप बिघडण्याचा. हा आरोप जुना आहे आणि एके काळी त्यात तथ्यही होते. 'मुक्तामाला' व 'मंजुघोषा' ह्यांसारख्या अद्भुतरम्य कादंबऱ्यांचा जमाना होता तेव्हा वडीलधाऱ्यांनी नाके मुरडली, त्यात नवल नाही. पण हरि नारायण आपटे यांनी तो जमाना पालटला. 'पण लक्षात कोण घेतो?' ही त्यांची कादंबरी १८९० पासून 'करमणूक' पत्रात क्रमशः येऊ लागली. १८९१ साली संमतिवयाचा कायदा झाला आणि त्यावरून देशभर रण माजले, तोच हा काळ. कायद्याचा मसुदा किती घरांत वाचला गेला असेल? पण हरिभाऊंची यमू आपली कहाणी आपल्याच तोंडाने सांगू लागली, आणि केशवपनाचा जुलूम म्हणजे काय हे माजघरात बसणाऱ्यांसही कळले. आम्ही कायद्याचे पदवीधर; कायद्याची थोरवी आम्हांस ठाऊक आहे. तरी आम्ही म्हणतो की, कायदा हात धरतो, मन धरीत नाही. बालविवाहास बंदी करणारा २००६ चा कायदा असूनही मराठवाड्यातील किती मुलींची लग्ने अकाली होतात, हे वाचकांस आम्ही सांगावयास नको. यमूची कहाणी पंधरा वर्षांच्या मुलीने तर वाचावीच. तिच्या भावानेही वाचावी आणि विशेषेकरून वाचावी.

तिन्ही आरोपांचा निकाल असा लागल्यावर आमचा एक प्रत्यारोप आहे. परीक्षेच्या निकालाचा दिवस ह्या दोन शहरांत कसा जातो, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांस आमचे म्हणणे पटेल. एका जागेकरिता अनेक उमेदवार झटतात. तेव्हा बहुतेकांच्या वाट्यास निराशा यावयाची, हा सरळ हिशेब आहे. ज्या मुलास आयुष्याची एकच गोष्ट सांगितली गेली, की परीक्षा उतरलास तर सर्व काही, नाही तर काहीच नाही, त्याने त्या दिवशी कोणाच्या तोंडाकडे पाहावे? हेमिंग्वे ह्या अमेरिकन ग्रंथकाराची म्हाताऱ्या कोळ्याची कथा पु. ल. देशपांडे यांनी १९६५ साली 'एका कोळियाने' ह्या नावाने मराठीत आणली. चौऱ्याऐंशी दिवस गळास मासा लागत नाही. मग एक प्रचंड मासा लागतो, आणि किनाऱ्यास येईतो शार्क मासे त्याचा फडशा पाडतात. म्हातारा नुसता सांगाडा घेऊन घरी येतो. जगाच्या हिशेबी तो नापासच! पण ती गोष्ट वाचणाऱ्या मुलास तो हरलेला वाटत नाही. हे एवढे ज्याने सोळाव्या वर्षी एकदा मनोमन अनुभविले, त्याच्याजवळ वाईट दिवसाकरिता काही तरी शिल्लक राहते.

आता कोणती पुस्तके, हे सांगितल्यावाचून उपदेश पुरा होत नाही. दहा-बारा वर्षांच्या मुलांनी साने गुरुजींची 'श्यामची आई' वाचावी. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेले हे पुस्तक १९३५ साली प्रसिद्ध झाले. ना. धों. ताम्हनकरांचा 'गोट्या', भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा 'फास्टर फेणे' आणि त्यांनीच मराठीत आणलेल्या ज्यूल व्हर्नच्या साहसकथा, ही पुस्तके मुलास वाचनाची गोडी लावतात. त्यांत उपदेश कमी आहे म्हणून ती हलकी समजू नयेत. प्रेमचंदांची 'ईदगाह' ही छोटी कथाही ह्याच वयात वाचावी. जत्रेत स्वतःकरिता खेळणे न घेता आजीचे हात भाजू नयेत म्हणून चिमटा विकत घेणारा हमीद ज्यास भेटला, त्यास शेजारधर्म वेगळा शिकवावा लागत नाही.

बारा-चौदा वर्षांच्या मुलांस हरिभाऊंची 'उषःकाल' व 'गड आला पण सिंह गेला' ह्या कादंबऱ्या द्याव्या. मात्र ती कादंबरी आहे, इतिहासाचा दस्तऐवज नव्हे, हे वडिलांनी समजावून सांगावे. 'बनगरवाडी' ह्याच वयाची, आणि राजमाचीच्या डोंगरावर परतलेल्या म्हाताऱ्याची गो. नी. दांडेकरांची 'माचीवरला बुधा'ही. चौदाच्या पुढे 'पण लक्षात कोण घेतो?', 'एका कोळियाने' आणि शाळेत नावापुरतेच गेलेल्या अण्णा भाऊ साठे यांची १९५९ सालची 'फकिरा' ही वाचावी. उपाशी माणसांकरिता धान्य लुटणारा फकिरा कायद्याच्या दृष्टीने गुन्हेगार खरा. पण कायदा आणि न्याय ह्यांत अंतर का पडते, हा प्रश्न ज्यास तरुणपणी पडला नाही तो पुढे चांगला वकीलही होणार नाही, चांगला नागरिकही होणार नाही.

आपल्या प्रांतास ह्या बाबतीत परक्याच्या तोंडाकडे पाहण्याचे कारण नाही. नांदेडच्या पीपल्स कॉलेजचे प्राचार्य नरहर कुरुंदकर यांनी 'धार आणि काठ' हा मराठी कादंबरीची चिकित्सा करणारा ग्रंथ लिहिला. लातूर जिल्ह्यातील उदगिरास २०२२ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. त्याचे अध्यक्ष भारत सासणे यांना पुढे २०२४ साली साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला, तो 'समशेर आणि भूतबंगला' ह्या मुलांच्या कादंबरीबद्दल. जेथे असे लोक होऊन गेले व आहेत, तेथे मुलांच्या हाती पुस्तक नसावे, ही लाजेची गोष्ट होय.

साधनेही अगदीच नाहीत असे नाही. बालकांच्या शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्यास जोडलेल्या अनुसूचीत प्रत्येक शाळेस ग्रंथालय असावे व त्यात गोष्टींची पुस्तकेही असावीत, असे स्पष्ट म्हटले आहे. हैदराबाद राज्याने १९५५ साली आणि महाराष्ट्राने १९६७ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला. कायदे झाले, कपाटेही आली. पण किल्ली मुख्याध्यापकांच्या टेबलात आणि पुस्तके जशीच्या तशी कोरी, असा प्रकार जेथे असेल तेथे पालकांनी जाऊन विचारले पाहिजे. तो त्यांचा हक्क आहे. शाळांनी आठवड्यातून एक तास निव्वळ वाचनास द्यावा आणि त्यावर परीक्षा घेऊ नये. जे व्यापारी बंधू सणावारी दानधर्म करतात त्यांनी आपल्या पेठेतील वाचनालयाच्या बालविभागास दरवर्षी दहा पुस्तके द्यावीत. एका पोत्याच्या किमतीत हे पुण्य पदरी पडते. आणि घरी? रोज अर्धा तास, महिन्यास एक पुस्तक, एवढाच आमचा आग्रह आहे. शिकवणीचे वर्गही बुडत नाहीत आणि परीक्षाही बुडत नाही.

राहता राहिले आमचे लातूरचे स्नेही. त्यांस आमची सूचना अशी की, दुकान बंद करतेवेळी त्यांनी गल्ल्याचा तो खण उघडावा आणि 'बनगरवाडी' आधी स्वतःच वाचावी. दोन रात्रींत ती होते. त्यानंतरही ती मुलास देऊ नये असे त्यांस वाटले, तर आम्ही आमचे वकीलपत्र मागे घेऊ. पण तशी वेळ येईल असे आम्हांस वाटत नाही.