घरातला पत्त्यांचा डाव : कोणता निवडावा, कसा शिकवावा

पत्त्यांचा जोड घरात आणला की कुणीतरी म्हणतंच, "आता जुगार सुरू करणार का?" या बोलण्यात तथ्य आहे. वस्तीच्या कट्ट्यावर पत्ते म्हणजे तीन पत्ती आणि तीन पत्ती म्हणजे पैसा, त्यानंतर घरात होणारी भांडणं आपण सगळ्यांनी ऐकली आहेत. सिगालोवाद सुत्तात संपत्ती नासण्याची जी सहा कारणं सांगितली आहेत त्यांत जुगार आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीतही जुगाराचं व्यसन आहे. म्हणून पहिली अट आम्ही आधीच सांगून टाकतो : पैसा नाही. दोन रुपये नाही, चहाची पैजही नाही. "नुसतं गंमत म्हणून" लावलेल्या रुपयाने मुलाच्या मनात पत्ते आणि पैसा यांची गाठ बसते, आणि पुढे तीच गाठ मोबाइलवरच्या रमीपर्यंत जाते. पैसे लावून ऑनलाइन खेळण्यावर २०२५ मध्ये संसदेने बंदीचा कायदा केला, पण कायदा झाला म्हणून लागलेली सवय आपोआप सुटत नाही. घरात कुणी यात अडकलं असेल तर १४४१६ या सरकारी टेली-मानस क्रमांकावर फोन करा. फोनला पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येतं.

आता बिनपैशाच्या पत्त्यांकडे वळू. आरोग्याच्या पानावर हा विषय का, तर पावसाळ्यात लाइट गेल्यावर, घरात कुणी खाटेला खिळलेलं असताना, किंवा सुट्टीत मुलं मोबाइलला चिकटलेली असताना, आजीपासून नातवापर्यंत सगळ्यांना एका चटईवर बसवणारी इतकी स्वस्त वस्तू दुसरी नाही. शिवाय कट्ट्यावरचे पत्ते पुरुषांचे असतात. मुली आणि सुना बाजूने पाहत जातात, हातात पानं कधी येत नाहीत. घरातला डाव त्यांचाही असतो.

पण कोणताही डाव चालत नाही. आम्ही डाव पारखतो तो असा. नवीन माणूस पहिल्याच वाटणीत खेळू लागला पाहिजे. बाद झालेल्याला फार वेळ नुसतं बसून राहावं लागू नये. नशीब आणि डोकं यांचा मेळ असा हवा की आठ वर्षांची नातही कधीतरी जिंकेल आणि मुरलेल्या आजोबांनाही विचार करावा लागेल. आणि हरणाऱ्याचा अपमान होता कामा नये. ही शेवटची गोष्ट लोक विसरतात.

या कसोटीला सगळ्यात चांगला उतरतो तो बदाम सात. सगळी पानं वाटून टाकायची. ज्याच्याकडे बदामाची सत्ती, त्याने ती खाली ठेवायची. पुढच्याने बदामाची अठ्ठी किंवा छक्की लावायची, नाहीतर दुसऱ्या रंगाची सत्ती उघडायची. काहीच लागत नसेल तर पास. ज्याची पानं आधी संपली तो जिंकला. तीन माणसं असोत की सात, डाव चालतो, एखाद्याला एक पान जास्त आलं तरी बिघडत नाही. लहान मुलाला चढते-उतरते आकडे येतात तेवढं पुरतं. मोठ्यांसाठी यात एक खोच आहे : आपल्याकडची इस्पिकची छक्की लागत असूनही मुद्दाम दाबून ठेवायची आणि दुसरं पान खेळायचं. मग खालची पानं हातात घेऊन बसलेले सगळे पास म्हणत राहतात. मात्र दुसरं काहीच लागत नसेल तेव्हा दाबता येत नाही, लागणारं पान टाकावंच लागतं. हा नियम सुरुवातीलाच ठरवा, भांडणं त्यावरूनच होतात.

अगदी लहानांसाठी भिकार-सावकार आहे. जोड दोघांत वाटायचा, एकेक पान उलटायचं, खालच्या पानाशी आकडा जुळला की सगळा गठ्ठा आपला. यात डोकं काहीच लागत नाही, नुसती आकड्यांची ओळख होते. पहिलीच्या मुलाला तेवढंच हवं असतं. (सावकार कसा होतो हे मात्र हा खेळ साफ खोटं सांगतो.)

झब्बू रंगतो खूप, पण आम्ही तो जपून सुचवतो. यात आलेल्या रंगाचं पान टाकावं लागतं. कुणाकडे तो रंग नसेल तर तो दुसरं पान मारतो, आणि ज्याचं पान सगळ्यात मोठं त्याला गठ्ठा उचलावा लागतो. शेवटी ज्याच्या हातात पानं उरतात त्याच्यावर झब्बू. चलाख मुलं भराभर सुटतात आणि सावकाश विचार करणारं पोर रोज गठ्ठा घेऊन बसतं. शाळेतही ज्याला "ढ" म्हणतात त्याला घरी पुन्हा तेच ऐकवायचं नसेल, तर त्याला एका मोठ्यासोबत जोडीने खेळू द्या.

तिघंच असाल तर पाच-तीन-दोन घ्या. अठ्ठीपासून एक्क्यापर्यंतची सगळी पानं आणि बदाम व इस्पिकच्या सत्त्या अशी तीस पानं, प्रत्येकी दहा. पाच हात करणारा आधी पाच पानं पाहून हुकूम सांगतो. हा डाव खऱ्या अर्थाने शिकावा लागतो, दहा वर्षांच्या आत नको. चौघं जमले तर मेंढीकोट, समोरासमोर जोड्या, दश्श्या पकडायच्या. भांडकुदळ भावंडांना आम्ही मुद्दाम एका जोडीत बसवतो.

आणि चॅलेंज. पानं पालथी टाकून "तीन राण्या" म्हणायचं आणि समोरच्याने ओळखायचं, खरं की थाप. एका घरात आजी म्हणाल्या, पंचशील घेतलंय, खोटं कसं बोलू? त्यांच्या नातीने तोड काढली : आजी खरंच बोलणार, आणि हे कुणाला सांगायचं नाही. आजी तीन डाव जिंकल्या, कारण सगळे त्यांना चॅलेंज देत राहिले आणि गठ्ठे उचलत राहिले.

शिकवताना सगळे नियम आधी सांगत बसू नका, ऐकणाऱ्याच्या डोळ्यांवर झोप येते. पहिला डाव सगळ्यांनी पानं उघडी ठेवून खेळा आणि प्रसंग येईल तसा नियम सांगा. दुसरा डाव हातात धरून, पण मोजायचा नाही. तिसऱ्यापासून खरा खेळ. नवख्याच्या मागे उभं राहून "हे टाक, ते टाक" करणाऱ्याला पाणी आणायला पाठवा.

आता आमच्या कामाच्या चार गोष्टी. पक्षाघाताने एक हात गेलेल्या माणसाला पानं धरता येत नाहीत. कपडे घासायचा स्वच्छ, कोरडा ब्रश उलटा ठेवा आणि केसांमध्ये पानं उभी खोवा, डाव खेळता येतो. आजोबा किलवरला इस्पिक म्हणू लागले तर हसू नका, मोतीबिंदूसाठी डोळे तपासून घ्या. वर्षानुवर्षं मेंढीकोट खेळणारी बाई चालू डावात हुकूमच विसरू लागली आणि हे वारंवार होत असेल, तर डॉक्टरांना दाखवा. पत्ते खेळून विसरभोळेपणा बरा होतो असं आम्ही म्हणणार नाही, पण तो पत्त्यांत लवकर दिसतो. टीबीच्या पेशंटला डावातून उठवू नका. टीबी पत्त्यांना हात लावल्याने पसरत नाही, खोकल्यातून हवेत पसरतो. डाव बाहेर ओट्यावर मोकळ्या हवेत मांडा, पेशंटने तोंडावर रुमाल बांधावा आणि गोळ्या चुकवू नयेत. थुंकी लावून पानं वाटायची सवय मात्र सगळ्यांनीच सोडावी. गुडघे दुखणाऱ्यांना खुर्ची द्या आणि अर्ध्या तासाने सगळ्यांनीच एकदा उठा.

एखादं पान हरवलं म्हणून जोड टाकून देऊ नका. जोकरवर पेनाने हरवलेल्या पानाचं नाव लिहा. दोन्ही जोकर वापरून झाले आणि तिसरं पान हरवलं, की मग नवा जोड आणा.