गाथेतला पांथस्थ आणि फ्लोरिडातला अनोळखी

शेवगाव तालुक्यातल्या मुंगीहून गोदावरीपलीकडे पाहिले की पैठण, सातवाहनांची राजधानी. हाल सातवाहनाच्या नावावरची गाथासप्तशती याच मुलखाच्या महाराष्ट्री प्राकृतात आहे. पांथस्थ हे तिच्यातले नेहमीचे पात्र. रात्रीपुरता आसरा मागणाऱ्या या वाटसरूला, नवरा परगावी असलेली घरधनीण आडवळणाने आपले मन सुचवते. पण सासू कुठे निजते, गावात कोण जागे असते, याचा हिशेब ठेवूनच.

हा हिशेब आजच्या एका वादात विसरला जातो. रॉबर्ट ट्रिव्हर्स यांनी १९७२ मध्ये मांडले की, संततीसाठी ज्याला अधिक झिजावे लागते, ते लिंग जोडीदाराबाबत अधिक चोखंदळ असते. माणसात गर्भारपण आणि अंगावरचे दूध बाईच्या वाट्याला येते. पुढे रसेल क्लार्क आणि इलेन हॅटफील्ड यांनी १९७८ व १९८२ मध्ये फ्लोरिडातील एका विद्यापीठात प्रयोग केले. ते १९८९ मध्ये प्रसिद्ध झाले. आवारात अनोळखी व्यक्तीने थेट शय्यासोबत मागितली, तेव्हा पहिल्या खेपेस ७५ आणि दुसऱ्या खेपेस ६९ टक्के पुरुष तयार झाले. स्त्री एकही नाही.

यावरून ‘बाईला वासनाच कमी’ असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. ट्रिव्हर्स मात्र निवडीविषयी बोलतात. चोखंदळ असणे आणि भूक नसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. टेरी कॉन्ली यांनी २०११ मध्ये हाच प्रश्न वेगळ्या रीतीने विचारला. अनोळखी माणसाऐवजी एखादी देखणी, प्रसिद्ध व्यक्ती कल्पायला सांगताच स्त्री-पुरुषांतले अंतर जवळपास मिटले. सुरक्षितपणा आणि सुखाची खात्री यांवर उत्तर अवलंबून होते. तरी फरक संपला असे नव्हे. डेव्हिड श्मिट यांच्या २००५ च्या ४८ देशांच्या पाहणीत अशा संबंधांकडे पुरुषांचाच कल सर्वत्र अधिक दिसला. मात्र जिथे स्त्रियांना राजकीय-आर्थिक समानता जास्त, तिथे अंतर कमी होते.

आपल्याकडे ‘हो’ची किंमत काय होती? १८८१ मध्ये सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेला नवजात मूल मारल्याबद्दल फाशी सुनावली गेली. पुढे शिक्षा कमी झाली. त्या प्रकरणावरून बायकांना शिव्या घालणाऱ्यांना ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्रीपुरुषतुलना’ (१८८२) लिहून विचारले, की हेच दोष पुरुषांत नाहीत काय? र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र काढले आणि १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’मधून स्त्रीच्या कामसुखाचा हक्क मांडला. गर्भाची भीती गेली की बाईचे उत्तर बदलू शकते, हे त्यांनी ओळखले होते.

देहाने काही कल दिला असेलही. पण आळ, मारहाण, गर्भ आणि बेअब्रू यांचा बोजा एकाच पारड्यात असताना दिलेल्या ‘नाही’वरून बाईचा मूळ स्वभाव ठरवता येत नाही. आधी तो बोजा मोजावा लागेल.