लुळा हात पुन्हा शिकतो

घरचा कर्ता माणूस सकाळी उठतो, तो उजवा हात उचलत नाही. तोंड वाकडे होते. जीभ अडखळते. लोक म्हणतात, अंगावरून वारं गेलं. कोणी देवऋषी गाठतो. आम्ही सांगतो, ही करणी नव्हे. दुखणे हातात नाही, डोक्यात आहे.

मेंदूला रक्त नेणारी नळी तुंबते किंवा फुटते. रक्तावाचून मेंदूचा तेवढा भाग मरतो. मेंदूचा डावा भाग उजव्या हाताला हुकूम देतो. हुकूम थांबला, की हात लुळा पडतो.

म्हणून पहिली गोष्ट, रोग्याला ताबडतोब मोठ्या दवाखान्यात न्या. नळी तुंबली असेल, तर गुठळी विरघळवणारे इंजेक्शन सहसा साडेचार तासांच्या आत देतात.

मग हात गेलाच का? नाही. पाट फुटला तर आपण शेजारून चर काढून पाणी नेतो. मेंदूचेही तसेच. शेजारचा धड भाग हळूहळू ते काम शिकतो. पण त्यासाठी वाटी उचलणे, मूठ उघडणे रोज पुन्हा पुन्हा करावे लागते.

या कामी वीज मदत करते. विजेने मेलेल्या बेडकाचा पाय हलतो, हे इटलीच्या गॅल्वानी यांनी १७९१ साली छापून सांगितले. आज हातावर पट्ट्या चिकटवून यंत्रातून बारीक वीज सोडतात. स्नायू आवळतो, बोटे उघडतात. रोग्यानेही त्याच वेळी मनापासून जोर लावायचा.

दुसरे यंत्र छातीत बसवतात. व्यायाम चालू असताना ते मानेतल्या मज्जातंतूला टिचकी देते. ती मेंदूला पोचते. २०२१ साली अमेरिकेत त्याला मंजुरी मिळाली. आधी १०८ रोग्यांवर पारख झाली. व्यायाम सगळ्यांनी केला. यंत्राची पुरी वीज मिळालेल्यांपैकी जवळजवळ निम्म्यांचा हात चांगला सुधारला. बाकीच्यांत पाव हिश्शाचा. म्हणजे वीज जोडीदार आहे, पण नांगर रोग्यानेच ओढायचा.

घरच्या तारेची वीज मात्र कधी लावू नका, जीव जाईल. हृदयाला यंत्र बसवलेले असेल, तर डॉक्टरांना आधी सांगा. लुळा हात धरून रोग्याला ओढू नका, खांदा निखळतो.

आणि मायेपोटी त्याचे सगळे काम तुम्हीच करू नका. सदऱ्याचे बटण त्याचे त्याला लावू द्या. वेळ लागला तर लागू द्या.