एक चाल, अनेक धनी

‘हे गीत कोणी रचले?’ हा प्रश्न विद्यार्थी नेहमी विचारतात. युद्धकाळातील गीतांबाबत त्याचे उत्तर एका नावात क्वचितच मावते. अमेरिकेतील यादवी युद्धाचे (१८६१-६५) एक उदाहरण आम्ही येथे मांडतो.

गुलामगिरीविरुद्ध सशस्त्र उठाव करणारे जॉन ब्राउन यांना २ डिसेंबर १८५९ रोजी फाशी झाली. त्यांच्या नावाचे गीत पुढे उत्तरेच्या सैन्याचे कूचगीत झाले. चाल मात्र युद्धापूर्वीची, उघड्या माळावरील ख्रिस्ती प्रार्थना-मेळाव्यांत गायिल्या जाणाऱ्या स्तोत्राची. १८६१ मध्ये बोस्टन बंदरातील फोर्ट वॉरेनवरच्या शिपायांनी तिच्यावर नवे शब्द बसविले. त्यांच्यापैकी एकाच्या आठवणीनुसार, पलटणीत जॉन ब्राउन नावाचाच एक स्कॉटिश सार्जंट होता. त्याची थट्टा करता करता गीत जुळले. ऐकणाऱ्यांना मात्र फाशी गेलेला वीरच आठवला!

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ज्युलिया वॉर्ड हाव यांनी वॉशिंग्टनजवळ हे गीत ऐकले आणि पहाटे उठून त्याच चालीवर नवे स्तोत्र लिहिले. फेब्रुवारी १८६२ मध्ये ते ‘अटलांटिक मंथली’त छापले गेले. अशा रीतीने स्तोत्राचे कूचगीत आणि कूचगीताचे पुन्हा स्तोत्र झाले.

पुढे आर्कान्सामधील कृष्णवर्णीय पलटणीने याच चालीवर स्वतःचे गीत गायिले. ते लिंडली मिलर या गोऱ्या अधिकाऱ्याच्या नावे छापले गेले. जवळजवळ तेच शब्द सोजर्नर ट्रुथ यांच्या चरित्रात त्यांच्या नावे आढळतात. ट्रुथ गुलामगिरीत जन्मल्या होत्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. ज्याच्या हाती लेखणी आणि छापखाना, त्याचे नाव टिकते; ज्याच्या कंठात गीत, त्याचे नाव वादात सापडते.

गुलामगिरी नष्ट करणाऱ्या अमेरिकी जनतेला जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली, हे आपण जाणतोच. आपल्या आंबेडकरी जलशांनीही लोकांच्या ओठांवरील चालींना नवे शब्द दिले. त्यांतील कित्येक शाहिरांची नावे वहीत कधी उतरलीच नाहीत.

म्हणून माजी विद्यार्थ्यांना आमची विनंती आहे : आजी-आजोबांच्या मुखातील गाणी आजच लिहून घ्या. गाणे कोणाकडून, कोठे आणि कधी ऐकले, तेही त्यासोबत नोंदवा. कर्त्याचे नाव ठाऊक नसेल, तर ती जागा रिकामी ठेवा. तेथे दुसऱ्याचे नाव लिहू नका.