ओहोटीवर चालणारा ब्रश

भिवंडीकडे जाताना कशेळीचा पूल ओलांडला की ट्रकच ट्रक. रस्त्याच्या दोन्ही हातांना गोदामांचे पत्रे तापलेले. काल्हेरच्या बाजूला एक बोळ खाडीकडे उतरतो. कुठल्याशा गाळ्यातली मागांची खडखड थोडा वेळ सोबत येते, मग विरते. चिखल, सुकी मासळी आणि टर्पेंटाइन यांचा वास एकदमच अंगावर येतो.

काठावर होड्या ओंडक्यांवर चढवून ठेवल्यात. श्रावण लागलाय, नारळी पौर्णिमा जवळ आलीय. पावसानं दोन दिवस उघडीप दिलीय आणि पेंटरला मान वर करायला फुरसत नाही. होडीवाले सावली धरून बसलेत. कुणी जाळं विणतोय, कुणी नुसताच आभाळाकडे बघतोय. एक सर आली की ओला रंग ओघळणार, आणि मागच्या सगळ्यांचा नंबर पुढे जाणार.

पहिल्या होडीवर पोरं पॉलिशपेपर घासतायत. तळाला चिकटलेल्या कवचांचे थर पत्र्याच्या तुकड्यानं खरवडले जातात, त्याचा आवाज दातांत शिरतो. मग भेगांत लांबी भरायची, ती वाळू द्यायची, तळाला डांबर. पेंटर या कशाला हात लावत नाही. त्याचं काम नाळेपासून, होडीच्या पुढच्या टोकापासून सुरू होतं.

लुंगी, उघडं अंग, कानावर पेन्सिल. ब्रश पुसायला मागावरच्या टाकाऊ सुताचा गुंता. भिवंडीत त्याला तोटा नाही. आधी निळा पट्टा, वर पांढऱ्या लाटा. एका दमात, टेप न लावता. मग 'एकवीरा प्रसन्न'. वेलांटी देताना तो श्वास रोखतो. नोंदणी क्रमांकाचे आकडे मात्र सरळसोट काढतो, त्यात कला करायला मुभा नाही.

"नाळेवर जितारा पायजे. मोठा," मालक सांगतो.

जिताडा या खाडीचा मानाचा मासा. तो उतरतो तेव्हा सावलीतली माणसं उठून जवळ येतात. जबडा मोठा हवा, शेपूट गोल हवी. खवल्यांवर वाद होतो. पेंटर ऐकून घेतो आणि स्वतःला हवं तेच करतो. शेजारी टोपलीत निवट्या घेऊन बसलेली आजी म्हणते, "आता चित्रातच बघायचा." कुणी हसत नाही.

समोरचं पाणी काळपट आहे. राजमाचीच्या डोंगरातून निघालेली उल्हास १२२ किलोमीटरच्या वाटेवर गावांचं, कारखान्यांचं सगळं पोटात घेत इथवर येते. इथं निळा रंग फक्त डब्यात दिसतो. मी तसं विचारतो. पेंटर हात न थांबवता म्हणतो, "ही खाडी वसईला जाते ना? तिकडे निळंच आहे."

यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस मासेमारीची बंदी असते. वल्ह्यांच्या होड्यांना ती लागू नाही, पण रंगाचा हंगाम सगळ्यांचा हाच. तो संपला की पेंटर हायवेवर दिसतो, ट्रकच्या फाळक्यावर तीच पांढरी लाट काढताना. माल दिल्लीला जातो, लाटही जाते.

१६५७ मध्ये कल्याण-भिवंडी मराठ्यांकडे आली आणि आरमाराची जहाजं याच खाडीच्या परिसरात बांधायला घेतली गेली. काठावर तसं सांगणारं काही नाही. आहेत ती गोदामं, मेट्रोचे खांब आणि या ओंडक्यांवरच्या होड्या. माझ्या मते तेवढी खूण पुरेशी आहे, पण ती दरवर्षी नव्यानं रंगवावी लागते.

चिखलातली खेकड्यांची बिळं एकेक करून पाण्याखाली जातायत. भरती लागली. पोरं डबे उचलून वर नेतात. पेंटरनं जिताड्याचा डोळा राखून ठेवलाय, तो उद्या. भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते, त्याप्रमाणे त्याचा दिवसही.

बघायला यायचं असेल तर नारळी पौर्णिमेच्या आधीच्या आठवड्यात या आणि ओहोटीची वेळ बघून निघा. पौर्णिमेच्या दिवशी येऊन उपयोग नाही. तोवर होड्या पाण्यात गेलेल्या असतात.