फ्यूज शाबूत, तरी व्हॅन पेटते

मारुती व्हॅन १९८४ मध्ये आली, पुढे तिची ओम्नी झाली आणि २०१९ मध्ये उत्पादन थांबलं. म्हणजे आज रस्त्यावर दिसणारी सगळ्यात धाकटी ओम्नीही आता वयात आली आहे. तिचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं. त्यामुळे काही करपलं, तर धूर निघतो तो ड्रायव्हरच्या बुडाखालून.

‘बारा व्होल्टच्या बॅटरीची कसली आग? साधा शॉकसुद्धा बसत नाही.’ हे गाडीची कामं करणारेही म्हणतात. शॉक बसायला व्होल्ट लागतात, पण वायर तापते ती अँपिअरने. घरातला ६० वॅटचा साधा बल्ब पाव अँपिअर घेतो. तेवढ्याच वॅटचा हेडलाईट १२ व्होल्टवर ५ अँपिअर ओढतो.

‘फ्यूज आहे की!’ हा सगळ्यात महागात पडणारा समज. करंट वाजवीपेक्षा वाढला तरच फ्यूज उडतो. जुन्या गाडीत मात्र वायर धडधाकट असते आणि जॉइंट सैल किंवा गंजलेला. ८ अँपिअर वाहणाऱ्या जॉइंटमध्ये पाव ओहमचा अडथळा असला, की तिथे १६ वॅट उष्णता तयार होते, तीही हरभऱ्याएवढ्या जागेत. १५ अँपिअरचा निळा फ्यूज तोवर मजेत असतो, कारण अडथळ्यामुळे करंट उलट घटलेलाच असतो. हेडलाईटच्या मागचा कनेक्टर एकदा उपसून पाहा. एका पिनेभोवतीचं प्लास्टिक करपलेल्या बिस्किटासारखं तपकिरी दिसलं, तर रोग तिथे आहे. पण लाईट मंद झाली म्हणून लोक काय करतात, तर १०० वॅटचे बल्ब टाकतात! त्याऐवजी पिना आणि बॉडीला दिलेली अर्थ घासून साफ केली, तर निम्म्या वेळा जुनेच बल्ब लख्ख पेटतात.

फ्यूज सारखा उडतो म्हणून १० च्या जागी ३० चा टाकणारे, किंवा त्याला सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळणारे, यांच्याबद्दल काय बोलावं? मग कार्पेटखालची वायरच फ्यूज होते.

‘चावी काढली की करंट बंद.’ नाही. बॅटरीपासून स्टार्टर आणि अल्टरनेटरपर्यंतची जाड केबल रात्रभर जिवंत असते. बॅटरीवरून परस्पर घेतलेली म्युझिक सिस्टीमची वायरही तशीच. वायर कुरतडून आग लावायला उंदराला तेवढं पुरतं. गाडी आठवडाभर उभी राहणार असेल, तर बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढून ठेवावं.

आणि जळाली की सगळा ठपका सीएनजीवर! हा गॅस हवेपेक्षा हलका, गळला तर वर उडून जातो. बंद गाडीत तोही घातक असतो, म्हणून टाकीची दर ३ वर्षांनी चाचणी सक्तीची आहे. पण किटबरोबर नवी वायरिंगही येते, आणि पीळ मारून टेप गुंडाळलेले तिचे जॉइंट कुणी तपासत नाही. घरगुती सिलिंडरचा गॅस भरणं हा प्रकार बेकायदा तर आहेच, शिवाय तो गॅस हवेपेक्षा जड. गळला की गाडीच्या तळाशी दबा धरून बसतो.

जळका वास आला, तर गाडी कडेला घ्या, चावी बंद करा, मागे पोरं असतील तर आधी ती उतरवा. सीट उचलून ‘बघू तरी काय झालंय’ म्हणू नका. आतल्या आगीला हवा मिळते, आणि तुमचा चेहरा नेमका तिच्यावर असतो.